सुगंधा कुमरेच्या गावचा सलोखा

सुगंधा कुमरे निमलष्करी दलातली नोकरी संपवून आमगव्हाणला परतली आणि वर्ष उलटायच्या आतच तिच्या गावात जाळपोळ झाली.

देवळीपासून आडवाटेला, कपाशी-सोयाबीनच्या शिवारात वसलेलं हे गाव. एका अंगाला बाजारओळ, म्हणजे किराणा, खतं-बियाणं, शिलाईकाम, मोटारसायकल दुरुस्ती अशी दुकानं आणि त्यांच्या मागे दुकानदारांची घरं. दुसऱ्या अंगाला, नाल्यापलीकडे, गोंडांचा टोला, म्हणजे त्यांची वस्ती. दोन्हींच्या मधे आठवडी बाजाराचं मैदान. सुगंधा टोल्यातली. बारावी झाल्यावर ती भरतीला गेली, धावण्यात सगळ्यांच्या पुढे आली आणि गेली ती गेलीच. काश्मीर झालं, मणिपूर झालं. मधे एक वर्ष ती लायबेरियालाही जाऊन आली, भारतातल्या महिला पोलिसांच्या तुकडीसोबत, संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून. लग्नाचं राहूनच गेलं. गावी म्हातारी माय धुरपता होती आणि तिच्याहून खूप लहान असलेला भाऊ योगेंद्र होता. त्याला तिनेच शिकवलं, वाढवलं. आता तो पोलीस भरतीची तयारी करत होता. परतल्यावर ती रोज पहाटे त्याला रस्त्यावर पळवायची, वेळ लावायची, गुडघा कसा उचलायचा ते दाखवायची. एरवी तिला घरात बसवत नसे. माय म्हणायची, बस ना जराशी, पायाले चाकं लागले का तुह्या? ती बसायची आणि लगेच उठायची.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ती पेन्शनच्या कामाने नागपूरला गेली होती. संध्याकाळी मुलांचे लाकडी बैल मैदानात यायचे, म्हणून बाजारओळीच्या पोरांनी मंडप घातला. मंडपाच्या आड येत होता म्हणून मैदानात रोवलेला टोल्याचा झेंडा कुणीतरी उपटून बाजूला ठेवला. झेंडा कुणी उपटला यावरून शब्द झाले, शब्दांवरून धक्काबुक्की, मग दगड. त्यातला एक दगड नत्थूला लागला. नत्थू टोल्यातला शेतमजूर, त्याचा भांडणाशी काही संबंध नव्हता, तो निंदण करून घरी परतत होता. त्याचा डावा डोळा गेला. तो रक्ताने माखलेला टोल्यात आला आणि टोल्यातली पोरं पेटली. अंधार पडायच्या आत बाजारओळीची चार दुकानं जळाली. त्यात यशोदाबाईचं शिलाईचं दुकानही होतं. यशोदाबाई विधवा, साठीला टेकलेली. तिनेही कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. त्या संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून ती समोरच्या ओट्यावर नातवाचा बैल सजवत बसली होती.

सुगंधा दुसऱ्या दिवशी उतरली तेव्हा फाट्यावर पोलिसांची गाडी उभी होती. अर्धं आयुष्य वर्दीत काढलं आणि आपलं गाव जळालं तेव्हा आपण पेन्शनच्या खिडकीसमोर रांगेत होतो, हे तिच्या मनातून जाईना. दोन्हीकडची पोरं धरली गेली. योगेंद्रही गेला. जामिनावर सुटून आला तेव्हा ती त्याला एवढंच म्हणाली की खरं सांग. तो म्हणाला, मी तिथं होतो, पन काडी मी नाई लावली. तिने विश्वास ठेवला. ठेवायचाच होता तिला.

मग गाव जे गप्प झालं! सोयाबीन काढणीला आलं, पण टोल्यातल्या बाया बाजारओळीच्या शेतात जाईनात. दुकानदार टोल्याला मीठसुद्धा देईनात. लोक तेल-तिखटासाठी देवळीला जाऊ लागले. आठवडी बाजार बंद पडला. शाळेत पोरं आपणहून दोन बाजूंना बसायला लागली, आणि मास्तरांनीही त्यांना हलवलं नाही. सुगंधा गावातून चक्कर मारायची तेव्हा बाजारओळीत बोलणं थांबायचं, आणि टोल्यात परतल्यावर लोक विचारायचे, तिकडं काऊन गेलती?

दिवाळीनंतर एका सकाळी अण्णाजी नाला ओलांडून तिच्या घरी आला. अण्णाजी म्हणजे खतं-बियाण्यांचा मोठा दुकानदार, गावच्या शांतता समितीचा अध्यक्ष. टोल्यातल्या कुणाच्या घरी तो आजवर बसला नव्हता. त्या दिवशी बाजेवर बसला, काळा चहा प्याला आणि सरळ मुद्द्यावर आला. देवळीचे पुढारी भैय्याजी गावासाठी सभागृह आणत होते, सलोखा सभागृह, बाजाराच्या मैदानावरच. पण गावात केस चालू असताना भूमिपूजन कसं करायचं? सरकारी वकिलाशी बोलणं झालं होतं. साक्षीदारांनी म्हटलं की गर्दीत चेहरे ओळखू आले नाहीत, तर केस उभीच राहत नाही. दोन्हीकडची पोरं सुटतात. खरे साक्षीदार दोनच होते, नत्थू आणि यशोदाबाई. समितीत एक बाई हवी, टोल्यातलं माणूस हवं आणि सरकारी नोकरीतलं कुणी असलं तर अधिकच बरं, असं तहसीलदार म्हणाले होते.

"तुमच्यात तिन्ही हाये," अण्णाजी म्हणाला. "अन् तुमचाही भाऊ सुटते, बाई. मी लपवून काई ठेवत नाई. माह्या पुतन्याचंही नाव हाये त्या केसमंदी."

तो वाईट माणूस नव्हता. दुकान ओस पडलं होतं, सोयाबीन उभ्यानेच शेतात फुटून गेलं होतं, आणि त्याला गाव पुन्हा चालू करायचं होतं. सुगंधाने समितीत यायला आणि त्या दोघांना समजवायला होकार दिला. योगेंद्रच्या भरतीची तारीख जवळ येत होती, आणि अंगावर केस असलेला पोरगा भरतीत बसत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

नत्थू लवकर तयार झाला. सभागृहावर चौकीदार म्हणून त्याला ठेवू असं अण्णाजीने कबूल केलं होतं. दगड कुणी मारला ते नत्थूला पक्कं माहीत होतं. तो म्हणाला, माहीत असून मी काय करू, एका डोळ्यानं आता निंदन होत नाई माह्याच्यानं. सुगंधाला बरं वाटायला हवं होतं. पण घरी येईपर्यंत तिला लायबेरियाची एक बाई आठवत राहिली.

तिथल्या राजधानीत, मनरोव्हियाच्या बाजारात गस्त घालताना तिची ओळख झाली होती. मिरच्या आणि कसावा नावाच्या कंदाचा पाला विकायची, सगळे तिला मा कोर्तो म्हणायचे. तिथली यादवी थांबून दहा वर्षं झाली होती. नवे रस्ते झाले होते, नवा बाजार झाला होता, आणि लढाईत टोळ्या चालवणारे काही जण इस्त्रीचे कपडे घालून मोठ्या खुर्च्यांवर बसले होते. मा कोर्तोच्या शेजारच्या गाळ्यात एक माणूस मोबाइलची कव्हरं विकायचा. यानेच माझं घर जाळलं, असं तिने एकदा सहज सांगितलं. सुगंधाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं की मग माफ केलंस का त्याला? मा कोर्तो हसली. म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. बाजार बांधला, गाळा दिला, बस म्हणाले. बसले. सुगंधाला तेव्हा ते ऐकून फारसं काही वाटलं नव्हतं. शांतता आहे, बाजार चालू आहे, आणखी काय पाहिजे, असंच तुकडीतल्या सगळ्याजणी म्हणायच्या.

यशोदाबाईच्या घरी जायला तिला दोन-तीन दिवस धीर झाला नाही. गेली तेव्हा यशोदाबाईने तिला आत बोलावलं नाही, ओट्यावरच बसवलं. सुगंधाने सभागृहाचं सांगितलं, दोन्हीकडच्या पोरांचं सांगितलं, नव्या शिलाई मशीन मिळवून देण्याचं सांगितलं. यशोदाबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"कोनाचे चेहरे ओळखू आले नाई म्हनू?" तिने विचारलं. "तुह्या भावाचा? निळी टोपी होती त्याच्या डोक्यावर. तुवाच आनलेली. दोन वर्सं त्याचे शर्ट शिवले मी, मले पाठमोराही ओळखू येते थो."

सुगंधा ओट्यावरून उठली.

"मले मशीन नोको तुही," यशोदाबाई म्हणाली. "तुमी सगळे येता अन् काय देता ते सांगता. काय झालं ते एकानंही विचारलं नाई आजपावतर."

सुगंधा तिथून थेट धावायच्या रस्त्यावर गेली. योगेंद्र एकटाच पळत होता. तिने त्याला थांबवलं आणि विचारलं. आधी तो नाही म्हणाला, मग खाली बसला. नत्थूमामाचा डोळा पायला अन् मले काई सुचलं नाई, म्हणाला. कुलूप होतं, आत कोणी नव्हतं, पेट्रोलची बाटली कुणीतरी हातात दिली. आपल्यासाठी काही करू नये असं तिला वाटत असेल तर तो भरतीचा नाद सोडून देईल, असंही म्हणाला. ते म्हणताना तो रडत होता, आणि त्याला भरतीचा नाद सोडायचा नव्हता हे तिला दिसत होतं. लहानपणी पाटी फोडली की असाच रडायचा. तिला त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

यशोदाबाईला गप्प राहा म्हणणार नाही, असं तिने घरी सांगितलं तेव्हा माय चिडली. धुरपता रागावली की गोंडीत बोलायची आणि मग कळलं नाही असं व्हायला नको म्हणून तेच मराठीत सांगायची. घरचं पोरगं आपल्या हातानं जेलात घालते का तू? तिकडं परदेशात जाऊन दुसऱ्याची भांडणं मिटवली, घरचं मिटवता येत नाही का?  तिथेही सुगंधाने काही मिटवलं नव्हतं, नुसती गस्त घातली होती.

पुढचा आठवडा तिचा घरात-बाहेर असा गेला. भाकरी करायला बसायची आणि मधेच उठून नाल्यापर्यंत जायची, परत यायची. समितीतून बाहेर पडावं, असं एकदा ठरवलं. पण आपण नसलो तरी सभागृह होणारच, आणि तेव्हा यशोदाबाईचं नाव काढायलाही कुणी उरणार नाही, म्हणून ते मोडलं. शेवटी ती अण्णाजीच्या दुकानात गेली. भूमिपूजनाच्या सभेत यशोदाबाई आणि नत्थू यांना वर बसवा आणि त्यांना बोलू द्या, नाहीतर मी येत नाही, असं तिने सांगितलं.

अण्णाजीने बियाण्याचं एक पोतं भिंतीशी सरकवलं. "बाई, हे गाव हाये, कोरट नोहे," तो म्हणाला. "जखम उघडी ठेवून गाव चालत नाई." मग म्हणाला की ठीक आहे, बसवू वर. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करू.

तो इतक्या लवकर हो म्हणाला तेव्हाच तिला समजायला हवं होतं.

भूमिपूजनाच्या दिवशी मैदानात पुन्हा मंडप उभा राहिला. टोल्यातले लोक एका बाजूला, बाजारओळीतले दुसऱ्या बाजूला, मधून जायला वाट. पोळ्यापासून पहिल्यांदाच सगळं गाव एका जागी आलं होतं. भैय्याजी आले, हार झाले. नत्थूला शाल दिली, त्याने एका डोळ्याने लोकांकडे पाहत हात जोडले. यशोदाबाईला शाल दिली. निवेदकाने माइक तिच्यासमोर धरला आणि ताईंनी आभाराचे दोन शब्द बोलावेत असं सांगितलं. सुगंधा तिच्या शेजारीच बसली होती. यशोदाबाईने माइक दोन्ही हातांनी धरला.

"माहं दुकान कोनं जाळलं ते मले माईत हाये," ती म्हणाली. "थो इथंच बसून हाये. त्याच्या मायले, बहिनीले मी वळखतो. मले काई नोको. त्यानं उठावं अन् म्हनावं का मी जाळलं. मंग पुढचं मी पाहीन."

 सुगंधाने योगेंद्रकडे पाहिलं. तो टोल्याच्या बाजूला, खांबाजवळ, उकिडवा बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या गुडघ्यांवर जोर आला, असं तिला वाटलं. ऊठ, ती मनात म्हणत होती, आणि उठू नको, असंही म्हणत होती.  पलीकडे अण्णाजीचा पुतण्या, ज्याच्या हातून तो दगड सुटला होता, तोही मान खाली घालून चप्पल चाळवत होता.

कुणी उठलं नाही. भैय्याजींनी माइक घेतला. ताईंच्या भावना आपण सगळे समजू शकतो, असं म्हणाले, झालं गेलं विसरून विकासाकडे पाहण्याचं आवाहन केलं, आणि नारळ फुटला. बँड सुरू झाला. यशोदाबाईने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि ती मधल्या वाटेने एकटी घरी गेली.

त्यानंतर टोल्यात सुगंधाशी कुणी नीट बोलेना. पोरं सुटत होती, हिनं म्हातारीला चढवलं, असं सगळे म्हणत. बाजारओळीतही तेच. समितीची पुढची बैठक कधी झाली ते तिला कळवलंच नाही. योगेंद्र हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला निघून गेला. भरतीची तारीख आली आणि गेली. माय त्याच्याशी फोनवर बोलायची, मग सुगंधाला फोन न देताच ठेवून द्यायची.

सभागृह मात्र भराभर उभं राहिलं. बाजार पुन्हा भरू लागला. लोक आधी आपापल्या बाजूला खरेदी करायचे, मग वांगी तिकडे स्वस्त मिळतात म्हणून तिकडे जायला लागले. दुकानदार टोल्याला मीठ देऊ लागले. म्हणजे अण्णाजीचं खरं ठरलं होतं, थोडंफार. सुगंधाला ते कबूल करावं लागलं, आणि कबूल करूनही तिला चैन पडेना.

उन्हाळ्यात एकदा ती बाजारातून जात असताना यशोदाबाईने तिला हाक मारली. तिने जुन्या जागीच टिनाचं छप्पर टाकून एक मशीन मांडली होती, भावाकडून आणलेली. दोऱ्याचं टोक ओढत, वर न बघता ती बोलली.

"तुहा भाऊ आलता. सोमवारी. दाराशी उभा राह्यला अन् म्हने, मीच जाळलं, काकू."

सुगंधाला हे माहीत नव्हतं. सोमवारी तो घरी आलाही नव्हता. "मंग तुमी काय म्हटलं?" तिने विचारलं.

"काय म्हनू? बरं म्हटलं. थो थोडा वेळ उभा होता, मंग गेला. मले वाटलं होतं का त्याच्या तोंडून ऐकलं का हलकं वाटन. काई नाई वाटलं, पोरी. उलट रातभर डोया लागला नाई."

साक्ष देणार का, हे सुगंधाने विचारलं नाही. यशोदाबाईनेही सांगितलं नाही.

पावसाळ्यात वर्ध्याच्या कोर्टात तारीख लागली. नत्थू ठरल्याप्रमाणे बोलला. गर्दी होती, दगड कुठून आला दिसलं नाही. अण्णाजीचा पुतण्या मोकळं हसला. मग यशोदाबाईला बोलावलं. तिने योगेंद्रकडे बोट केलं आणि हाच होता म्हणून सांगितलं. आरोपींचा वकील तिच्या अंगावरच आला. सूर्य मावळला होता ना? धूर होता ना? तुमचं वय काय? टोपीवरून माणूस ओळखता? तुमच्याजवळ आणखी काय पुरावा आहे?

मागच्या बाकावर बसलेल्या सुगंधाला वाटलं, आता ती सांगणार. तो स्वतः दारात येऊन कबूल झाला, एवढं एक वाक्य, आणि योगेंद्रला कुणी वाचवू शकणार नव्हतं. पिंजऱ्यातल्या योगेंद्रने डोळे मिटले होते. यशोदाबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सुगंधाकडे.

"माह्ये डोये," ती वकिलाला म्हणाली. "दुसरं काई नाई."

वकिलाने आणखी खोदून पाहिलं. ती तेवढंच म्हणत राहिली. निकालाला वेळ लागणार होता. पुढची तारीख मिळाली आणि सगळे बाहेर आले.

देवळीकडे जाणारी एसटी खचाखच भरली होती. योगेंद्र आधी चढला होता, त्याला खिडकीची जागा मिळाली. सुगंधा आणि यशोदाबाई मागून चढल्या. दांडीला धरून उभी असलेली यशोदाबाई वळणावर तोल जाऊन हेलकावे खात होती. योगेंद्रने तिला पाहिलं. तो उठला, सरकला आणि काही न बोलता जागा मोकळी करून दारापाशी जाऊन उभा राहिला.

यशोदाबाई बसली नाही. तिने त्या जागेकडे पाहिलं, मग बाहेर. आजूबाजूच्या बायांना वाटलं की म्हातारीसाठी सोडलेली जागा आहे, म्हणून त्यांतलीही कुणी बसेना. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि म्हणाला की बसून घ्या ना आजी. तिने मान हलवली. एवढ्या गर्दीत ती एक जागा रिकामी, आणि सगळी गाडी तिच्याभोवती दाटून उभी. सुगंधाला वाटलं, आपण तरी बसावं, म्हणजे हे संपेल. पण ती बसली नाही. कुणाच्या जागेवर बसल्यासारखं झालं असतं ते, तिला कळेना.

सावंगीच्या दवाखान्यापाशी एक कॉलेजची पोरगी चढली. रिकामी जागा दिसताच ती धप्पकन बसली आणि कानात वायर घालून गाणी ऐकू लागली. गाडीने वेग घेतला. यशोदाबाईने दांडीवरचा हात बदलला. दुसऱ्या हाताने तिने सुगंधाचा दंड धरला, पडू नये म्हणून, आणि देवळी येईपर्यंत तो सोडला नाही.